डॅक-ॲम्प घ्यायचाय? आधी हेडफोनचा खोका शोधा

फोन आणि वायरच्या हेडफोनच्या मधे लावायचा, खिशात मावणारा डॅक-ॲम्प घ्यायला आमच्या दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'यात चिप कोणती?' असा असतो. आमचा पहिला प्रश्न असतो, 'हेडफोन कोणता?' उत्तर 'ब्लूटूथचा' असं आलं, की आमची विक्री तिथेच संपते. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटात स्वतःचा डॅक आणि स्वतःचा ॲम्प असतो. फोनकडून त्याला नुसते आकडे मिळतात. फोनला बाहेरून कितीही भारी डॅक लावा, त्या हेडफोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

वायरचा हेडफोन असेल तर पुढे वाचा.

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांची विद्युत लहर बनवणारा भाग. ॲम्प त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतकं बळ देतो. 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनची गोल पिन काढली, इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली, आणि हे दोन्ही भाग फोनच्या चार्जिंगच्या भोकात खोचायच्या बोटभर डोंगलमध्ये आले. एक सावधगिरी मात्र बाळगा. यूएसबी-सीचे काही अडॅप्टर आतून नुसती वायर असतात, त्यांत डॅक नसतोच. फोन स्वतः त्या पिनेतून ॲनालॉग आवाज देत असेल तरच ते चालतात, नाहीतर मुके. वर्णनात 'डॅक' हा शब्द नसेल तर विकणाऱ्याला विचारून घ्या.

खोक्यावरचे दोन आकडे

खोक्यावर दोन गोष्टी पाहायच्या: ओहम आणि डेसिबल. ओहम म्हणजे हेडफोनचा विरोध. डेसिबल म्हणजे ठराविक ताकद दिल्यावर तो किती जोरात वाजतो. डेसिबलचा आकडा एका मिलिवॅटला आहे की एका व्होल्टला, हे नीट बघा. 16 ओहमच्या इअरफोनला एक व्होल्ट दिला तर 62.5 मिलिवॅट ताकद जाते, म्हणून तोच इअरफोन व्होल्टच्या मापाने 18 डेसिबल जोरदार दिसतो. दोन वेगळ्या मापांची तुलना करून फसलेले बरेच जण आमच्याकडे आले आहेत.

आता तीन हेडफोन घेऊ. संगीतातले क्षणभराचे सगळ्यात मोठे ठोके 110 डेसिबलपर्यंत जावेत, एवढी अपेक्षा धरू. ही चैनच आहे. प्रौढांनी 80 डेसिबलला आठवड्यात 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पहिला, 16 ओहमचा, मिलिवॅटला 110 डेसिबल देणारा इअरफोन. त्याला एक मिलिवॅट पुरतो, म्हणजे सुमारे 0.13 व्होल्ट. कुठलाही बरा डोंगल हे झोपेत देईल. दुसरा, 300 ओहमचा, 97 डेसिबलचा मोठा हेडफोन. त्याला 20 मिलिवॅट आणि जवळपास 2.5 व्होल्ट लागतात, करंट मात्र जेमतेम 8 मिलिअँपिअर. तिसरा 50 ओहमचा, 90 डेसिबलचा प्लॅनर, म्हणजे सपाट, पातळ पडद्याचा हेडफोन. त्याला व्होल्टेज 2.2 च्या आसपास, म्हणजे दुसऱ्याहून थोडं कमीच. पण करंट 45 मिलिअँपिअर, पाचपटीहून जास्त.

'300 ओहम आहे, म्हणजे वाजवायला अवघड' हे अर्धसत्य इथेच उघडं पडतं. कमी ओहमचा प्लॅनर छोट्या डोंगलला जास्त घाम फोडतो.

ॲम्पच्या जाहिरातीतला मिलिवॅटचा आकडाही याच नजरेने वाचा. तो बहुतेक वेळा 32 किंवा 16 ओहमवर मोजलेला असतो, कारण तिथे तो मोठा दिसतो. दोन व्होल्ट देणारा डोंगल 32 ओहमवर 125 मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो, पण 300 ओहमवर त्याची मजल 13 मिलिवॅटच्या आसपासच संपते. (त्या 97 डेसिबलच्या हेडफोनला तेवढेही 108 डेसिबलपर्यंत नेतात. बहुतेकांना पुरे.) तुमच्या हेडफोनच्या ओहमला किती ताकद मिळते, हे कंपनीने छापलंच नसेल, तर आम्ही ती गोष्ट कंपनीच्या विरोधात धरतो.

4.4 मिलिमीटरच्या बॅलन्स्ड पिनेवर (यात दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) व्होल्टेज साधारण दुप्पट मिळू शकतं. उपयोग आहे, पण त्यासाठी हेडफोनची केबल बदलता यायला हवी. 4.4 च्या भोकात साधी 3.5 ची पिन बसवणारा जोड कधीही वापरू नका. त्यात दोन्ही बाजूंच्या उलट्या तारा एकमेकींना चिकटतात आणि ॲम्प जळू शकतो.

नाजूक इअरफोनवाल्यांसाठी

तुमची अडचण ताकदीची नाही, शांततेची आहे. गाणं थांबवा, इअरफोन कानात ठेवा. 'स्स्स' असा आवाज येतो का? ताकदवान ॲम्पमध्ये तो येण्याची शक्यता जास्त. लो गेनचं, म्हणजे ॲम्पचा जोर कमी करणारं बटण असेल तर तेच वापरा. दुसरी गोष्ट म्हणजे ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा विरोध. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून तो कमी असावा, म्हणजे 16 ओहमला 2 च्या आत. एका कानात तीन-चार ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचे ओहम प्रत्येक स्वराला बदलतात. तिथे हा आकडा मोठा असला तर आवाजाचा पोतच बदलतो, आणि दोष इअरफोनला दिला जातो.

चिप आणि स्टिकर

ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम या डॅक चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या चिप मिळेनाशा झाल्या. अनेक कंपन्यांनी आपल्या उपकरणांत दुसऱ्या चिप बसवल्या. नीट आखणी केलेल्या उपकरणांचा आवाज त्यामुळे बिघडला, असं आम्हाला तरी कधी जाणवलं नाही. चिपभोवतीचा वीजपुरवठा आणि ॲम्प जास्त महत्त्वाचे.

एमक्यूए या संगीताच्या फाइलच्या स्वरूपाच्या खुणेसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. त्यामागची कंपनी 2023 मध्ये आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेली आणि 2024 मध्ये टायडल या ऑनलाइन संगीतसेवेनेही ते स्वरूप सोडलं. 768 किलोहर्ट्झच्या आकड्याचंही (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ते तो सांगतो) तेच. सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ माणसाला ऐकू येणारा सगळा पल्ला सांभाळतात.

डोंगल की बॅटरीवाला?

डोंगल फोनची बॅटरी खातो आणि फोनचं एकमेव भोक अडवतो. बॅटरीवाला डॅक-ॲम्प जास्त ताकद देऊ शकतो, पण तो रोज चार्ज करावा लागतो आणि काही वर्षांनी त्याची बॅटरी थकते. इअरफोन किंवा सोपा हेडफोन असेल तर आम्ही डोंगलच देतो. प्लॅनर असेल आणि प्रवासात ऐकायचं असेल, तरच बॅटरीवाला.

जोडणीच्या खाचाखोचा आधी तपासा. आयफोन 14 पर्यंत लाइटनिंग आहे, 15 पासून यूएसबी-सी. ॲपलचा छोटा डोंगल मोजमापात उत्तम आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीकच राहतो. गेमिंग कन्सोलला जोडायचा असेल तर डॅकमध्ये यूएसी 1 ची, म्हणजे यूएसबीवरून आवाज पाठवायच्या जुन्या पद्धतीची सोय आहे का ते विचारा.

दोन उपकरणं ऐकून निवडायची असतील, तर दोन्हींचा आवाज मीटरवर आम्ही जुळवून देतो. अर्धा-एक डेसिबल जास्त असलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, 'खुला' आणि 'स्वच्छ' वाटतो, आणि महागडं मॉडेल असंच विकलं जातं. येताना स्वतःचा फोन, स्वतःचा हेडफोन आणि पाठ असलेली तीन गाणी घेऊन या. जुळवलेल्या आवाजात फरक कळला नाही, तर आम्ही स्वस्तातलाच बांधून देऊ.