शुगर आपोआप उतरली म्हणजे डायबिटीस गेला? नाही हो!

20 वर्षांचा डायबिटीस, इन्सुलिन चालू, आणि अचानक शुगर कमी यायला लागते, मग घरात सगळे खूश, "कारल्याचा रस लागू पडला बघ". आमच्या काकांचं हेच झालं, पहाटे घामाने बनियन ओलंचिंब, हात थरथरतायत, ग्लुकोमीटरवर 52! साखरपाणी पाजलं तेव्हा कुठे नीट बोलायला लागले.

कारण निघालं किडनी. आपल्याला वाटतं ग्लुकोज फक्त लिव्हर बनवतं आणि किडनी म्हणजे नुसती गाळणी, पण तसं नाहीये, रात्रभर पोट रिकामं असताना रक्तात येणाऱ्या ग्लुकोजपैकी साधारण 20 टक्के किडनी स्वतः बनवून सोडते, लॅक्टेट, ग्लुटामिन वगैरे शरीरातल्याच पदार्थांपासून. शिवाय इंजेक्शनने घेतलेलं इन्सुलिन मोडायचं बरंचसं काम तिचंच. ती खराब झाली की ग्लुकोज कमी बनतं, इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि शुगर धाडकन खाली येते. डायबिटीस आहे तिथेच आहे, किडनी थकलीये.

म्हणून प्लीज, अशी शुगर उतरली तर पेढे वाटू नका, लगेच डॉक्टरांना सांगा, किडनी कशी चाललीये ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासून घ्या, इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा ते त्यांनाच ठरवू द्या.