खेळाडूंचा विश्रांतीतील इंधनवापर

खेळाडू जागा असून निवांत पडलेला असतो तेव्हाही हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे चालू ठेवण्यासाठी शरीर मेद व कर्बोदके जाळत असते. या दोन इंधनांच्या प्रमाणाला विश्रांतीतील इंधनवापर म्हणतात. प्रथिनांचा वाटा लहान असतो.

हे प्रमाण श्वासावरून मोजतात. रात्रभराच्या उपवासानंतर सकाळी, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन म्हणजे श्वसन गुणांक. केवळ कर्बोदके जळत असतील तर तो १.० येतो, केवळ मेद जळत असेल तर सुमारे ०.७, ०.८५ ला दोन्हींचा वाटा जवळपास निम्मानिम्मा.

कसलेला धावपटू बसल्या जागी चरबी जाळतो, असे मराठवाड्यातल्या तालमीत आणि मैदानावर सर्रास बोलले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. सरावाने स्नायूंतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली इंधन जाळणारी केंद्रे, वाढतात, म्हणून एकाच वेगाने धावताना सरावलेला धावपटू नवख्यापेक्षा जास्त मेद वापरतो. विश्रांतीत मात्र स्नायूंची मागणी एवढी कमी असते की निकाल मुख्यतः आदल्या दिवशीचे जेवण आणि शेवटचा सराव लावतात. स्टीपलचेसपटू अविनाश साबळेच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात संध्याकाळी जोरदार धावलेल्या एखाद्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याच्या स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, बरेच संपलेले असते. रात्री भाकरी-वरण खाल्ले तरी त्यातले बरेच ग्लुकोज साठा भरण्याकडे वळते आणि रोजचे काम मेदावर भागते. सकाळी गुणांक खाली येतो. दोन दिवस विश्रांती घेऊन त्याने पोटभर भाकरी आणि गूळ खाल्ला, तर तोच मुलगा, तोच दमसास, पण गुणांक वर. एका सकाळच्या आकड्यावरून कोणाची तयारी ठरवू नये, ती चूक फार होते.

या बदलामागे इन्शुलिन आहे. जेवणानंतर ते वाढते आणि चरबीपेशींतून मेदाम्ले सुटणे रोखते. उपवासात ते उतरते व मेदाम्ले रक्तात येतात. मेंदूला मात्र एरवी ग्लुकोजच लागते, दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, आणि यकृतातला साठा साधारण १०० ग्रॅमच असतो. स्नायूंतले ग्लायकोजेन ४०० ग्रॅमच्या घरात असले तरी ते रक्तात परत येत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी लातूर-परभणीकडची अनेक मुले-मुली चरबी उतरावी म्हणून पहाटे रिकाम्या पोटी धावतात. त्या तासात मेद अधिक जळतो हे खरे. पण दिवसभराचे खाणे तेवढेच राहिले तर पुढच्या तासांत कर्बोदकांचा वापर वाढतो आणि चोवीस तासांचा हिशेब बहुतेक बरोबरीत येतो. अंगावरची चरबी कमी होते ती खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला तरच. हा फरक फार ताणला, तर शरीर विश्रांतीतला खर्चच आखडते. मुलींची पाळी चुकू लागणे ही त्याची ठळक खूण आहे. अशा वेळी सराव हलका करून जेवण वाढवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.