लोहगावहून उडालेली मळी: बिझनेस जेट 'हिरवी' करायच्या खटपटीची पार्श्वभूमी

१९ मे २०२३ ला पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला एअरएशिया इंडियाचं एक विमान गेलं. आत बसलेल्यांना काही वेगळं जाणवलं नसणार, पण त्या विमानाच्या टाकीतल्या इंधनात थोडासा अंश उसाच्या मळीपासून बनवलेल्या इंधनाचा होता. ते बनवलं होतं आपल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने, सोबत इंडियन ऑइल. मी धानोरीत राहतो, गच्चीवर उभं राहिलं की सुखोई जातात, इंडिगो जातात आणि मधूनच छोटी पांढरी कंपनीवाल्यांची जेट जातात, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे की हे इंधन त्या छोट्या जेटमध्ये कधी भरणार. कारण माणशी धूर काढायला गेलं तर सगळ्यात जास्त तिथेच निघतो. तर हा विषय इथपर्यंत आला कसा ते जरा मागे जाऊन सांगतो.

बिझनेस एव्हिएशन म्हणजे कंपनीने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली किंवा भाड्याने घेतलेली विमानं आणि हेलिकॉप्टरं. या धंद्यात पर्यावरणाची भाषा बरीच उशिरा आली, पण तेल वाचवायची गरज खूप आधीच लागली होती. लिअरजेट २३ पहिल्यांदा उडालं ऑक्टोबर १९६३ मध्ये, त्याचं इंजिन मूळच्या लष्करी इंजिनावरून केलेलं, साधं टर्बोजेट, म्हणजे आवाज कानठळ्या बसवणारा आणि तेल प्यायला राक्षस. मग १९७३ चं तेलसंकट आलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव चौपट झाले, आणि नेमकं त्याच सुमाराला गॅरेट कंपनीचं टीएफई७३१ नावाचं छोटं टर्बोफॅन इंजिन तयार होतं. टर्बोफॅनमध्ये पुढे मोठा पंखा असतो, तो बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्याबाहेरून मागे ढकलतो, त्यामुळे तेवढ्याच जोरासाठी तेल कमी जळतं आणि आवाजही कमी होतो. लिअरजेट ३५ ला हेच इंजिन बसवलं आणि नंतर वर्षानुवर्षं बरीच बिझनेस जेट त्यावर चालली.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. लोहगावला उतरणाऱ्या विमानांच्या पंखांची टोकं वर वळलेली दिसतात ना, ती विंगलेट. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी, त्यामुळे टोकाशी खालची हवा वर पळते आणि भोवरा तयार होतो, त्या भोवऱ्यात इंजिनाची ताकद वाया जाते. नासाच्या रिचर्ड व्हिटकम्ब यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की टोकाला उभा छोटा पंख लावला तर हा भोवरा बराच कमी होतो. आणि विकायला काढलेल्या जेट विमानावर ही विंगलेट पहिल्यांदा आली ती लिअरजेट २८ वर, १९७७ मध्ये, मोठ्या एअरलाइनच्या विमानांवर नंतर. म्हणजे छोट्या जेटवाल्यांनी एक चांगली गोष्ट आधी करून दाखवली आणि मग सगळ्या जगाने ती उचलली. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे.

पण इथेच गोची आहे. वाचलेल्या तेलात लांबचा पल्ला गाठता येतो म्हटल्यावर विमानं मोठी होत गेली, केबिन मोठी, पल्ला मोठा, उड्डाणं जास्त, त्यामुळे एका विमानामागे तेल वाचलं तरी एकूण धूर काही कमी झाला नाही. एसटीचं मायलेज वाढवून फेऱ्या दुप्पट केल्या तर डिझेलचं बिल कसं उतरेल, तसंच हे.

पुढे २००८ ला एक प्रसंग घडला. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, प्रत्येक जण आपापल्या कंपनीच्या जेटने, आणि लोक खवळले. पुढच्या महिन्यात तेच लोक गाडीने गेले. तेव्हाचा राग पैशावर होता, हवामानावर नव्हता, पण धंद्याला कळलं की आपल्याकडे लोक बघतायत आणि आता काहीतरी बोलावं लागणार. वर्षभराने, नोव्हेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, बिझनेस एव्हिएशनच्या जागतिक संघटनेने आणि विमान बनवणाऱ्यांच्या संघटनेने मिळून एक वचन दिलं: २०१० ते २०२० दरवर्षी इंधनाची कार्यक्षमता २ टक्क्यांनी वाढवायची, २०२० पासून वाढ झाली तरी कार्बन वाढू द्यायचा नाही, आणि २०५० पर्यंत २००५ च्या तुलनेत उत्सर्जन निम्मं करायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हेच वचन वाढवून २०५० ला नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढायचा, असं केलं. चांगलं आहे, पण २ टक्के कार्यक्षमता हा दर प्रत्येक विमानाचा, एकूण धुराचा नाही, हा फरक वाचताना सुटतो आणि सुटू नये असं मला वाटतं.

आता खरा मुद्दा, इंधन. इंजिन कितीही सुधारलं तरी १ किलो विमानाचं तेल जाळलं की साधारण ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघणारच, ते रसायनशास्त्र आहे, त्याला पळवाट नाही. म्हणून कल्पना अशी की जो कार्बन झाडाने किंवा पिकाने आत्ताच हवेतून घेतलाय त्याच्यापासून तेल बनवायचं, म्हणजे जाळल्यावर तोच परत हवेत जाईल, जमिनीतून नवा काढावा लागणार नाही. याला सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल म्हणतात, बोलताना सगळे सॅफ म्हणतात. पिकापासून टाकीपर्यंत सगळा हिशोब केला तर चांगल्या कच्च्या मालाच्या सॅफने ८० टक्क्यांपर्यंत कार्बन कमी होऊ शकतो. सप्टेंबर २००९ ला याचं पहिलं तांत्रिक स्टँडर्ड आलं, त्यात साध्या तेलात जास्तीत जास्त ५० टक्के मिसळायला परवानगी. निम्मंच का? कारण मातीच्या तेलासारख्या आपल्या नेहमीच्या विमानइंधनात अ‍ॅरोमॅटिक नावाचे घटक असतात, त्यांच्यामुळे जुन्या इंजिनांची रबरी सील फुगून घट्ट बसतात, आणि सॅफमध्ये ते जवळपास नसतातच, म्हणजे शंभर टक्के सॅफ घातलं तर गळतीची भीती.

बिझनेस जेट इथे पुन्हा पुढे होती. जून २०११ ला गल्फस्ट्रीम जी४५० ने अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून पॅरिसला अटलांटिक ओलांडला, एका इंजिनात कॅमेलिना नावाच्या तेलबियांचं निम्मं निम्मं मिश्रण घालून, असं अटलांटिकपार जाणारं ते पहिलं विमान. नोव्हेंबर २०२३ ला गल्फस्ट्रीम जी६०० ने चाचणी म्हणून १०० टक्के सॅफवर तेच पार केलं, अमेरिकेतल्या सवानाहून इंग्लंडमधल्या फार्नबरोला. दरम्यान जानेवारी २०१९ ला कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइज विमानतळावर एक दिवस ठरवून खासगी जेटमध्ये हे इंधन भरून दाखवलं, म्हणजे 'हे घातलं की इंजिन बिघडतं' ही वैमानिकांची भीती जावी म्हणून. ते दाखवायची गरज पडली यावरूनच कळतं की अविश्वास किती होता.

आता अडचण इंधन मिळण्याची. आयाटा या एअरलाइन संघटनेच्या हिशोबाने २०२४ ला जगात साधारण १० लाख टन सॅफ बनलं, म्हणजे एकूण विमानइंधनाच्या ०.३ टक्के, आणि भाव साध्या तेलाच्या दोन ते पाच पट. ते बनतं मोजक्या ठिकाणी, विमान उडतं हजार ठिकाणांहून. म्हणून 'बुक अँड क्लेम' नावाची पद्धत निघाली. पुणेकरांना हुंडी सांगायला नको, इथे पैसे भरायचे आणि दूरच्या पेठेत दुसऱ्याने उचलायचे, तसंच हे, तुम्ही पैसे भरता, सॅफ कॅलिफोर्नियातल्या कुठल्यातरी दुसऱ्या विमानात जातं, आणि कार्बन कमी केल्याची नोंद तुमच्या नावावर होते. हिशोब चोख असेल तर हे ठीक आहे असं माझं मत आहे, कारण थोडं तेल ट्रकने हजार किलोमीटर फिरवण्यात अर्थ नाही, पण एकच नोंद दोघांनी दाखवली तर सगळंच मुसळ केरात.

भारतातली गोष्ट सुरू होते मोगली एरंडापासून. हो, तोच कुंपणाला लावायचा, जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून. २००३ च्या सुमाराला सरकारने जट्रोफा म्हणून त्याच्यावर मोठी आशा ठेवली, पडीक जमिनीत लावा, बायोडिझेल होईल म्हणून सांगितलं, शेतकऱ्यांनी लावला, आणि पाण्याविना बी पुरेसं धरलंच नाही. वाईट वाटतं कारण ज्यांनी लावला त्यांची वर्षं गेली. पण डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने त्याच बियांवर काम चालू ठेवलं आणि २७ ऑगस्ट २०१८ ला स्पाइसजेटचं क्यू४०० डेहराडूनहून दिल्लीला त्या इंधनाचं मिश्रण घेऊन उडालं. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात हवाई दलाचं एएन-३२ दहा टक्के मिश्रणावर राजपथावरून गेलं, आणि जानेवारी २०२० ला तसंच विमान लेहला उतरलं, तेवढ्या उंचीवर आणि थंडीत. या धडपडीचं कौतुक नीट झालं नाही असं मला मनापासून वाटतं.

आणि मग प्राज. प्रमोद चौधरी यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली ही कंपनी मुळात इथेनॉलचे प्लांट उभारणारी, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी हा तिचा हातखंडा, मुळशीत उरवड्याला संशोधन केंद्र. इथेनॉल किंवा त्याच्यासारखं अल्कोहोल घ्यायचं, त्यातलं पाणी काढायचं, उरलेल्या छोट्या रेणूंना साखळीसारखं जोडायचं, हायड्रोजन द्यायचा, की केरोसिनसारखं तेल मिळतं. ज्या राज्यात एवढे साखर कारखाने आणि मांजरीला १९७५ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तिथे ही वाट सुचणं साहजिकच.

पण ऊस म्हटलं की पाणी आलं. पुणे जिल्ह्यातच बघा, एकीकडे नीरेच्या कालव्यावरचा बागायती ऊस आणि त्याच बारामती-पुरंदरमध्ये जिरायत गावांना उन्हाळ्यात टँकर. ७ डिसेंबर २०२३ ला, त्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदीच घातली, पुढे २०२४ मध्ये उठवली. म्हणजे एका वाईट पावसाने कच्चा माल थांबतो. त्यामुळे मळी, म्हणजे साखर काढून उरलेली, ती वापरा, पण विमानासाठी म्हणून नवा ऊस लावायला माझा तरी विरोध आहे. याहून बरी वाट पेंढ्याची, पानिपतला ऑगस्ट २०२२ ला प्राजच्याच तंत्राने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्लांट सुरू झालाय. आणि तिसरी वाट तळणीच्या तेलाची. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१८ ला वापरलेलं तेल गोळा करायची योजना काढली, कारण पंचवीस टक्क्यांच्या वर पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर तयार होणारे) झाले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही असा नियम आला, आणि पानिपतच्या इंडियन ऑइल रिफायनरीला २०२५ ला अशाच तेलापासून सॅफ बनवायचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालं. आपल्या शहरात वडापावच्या गाड्या, फरसाणवाले, दिवाळीत फराळाची केंद्रं, केवढं तेल निघत असेल, आणि त्यातलं बरंचसं आजही गटारात किंवा परत कुठल्यातरी स्वस्त कढईत जातं. ते विमानात गेलं तर दोन्हीकडून फायदा.

आता परत खासगी जेटकडे. २०२१ ला युरोपातल्या ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने सांगितलं की खासगी जेट माणशी एअरलाइनच्या ५ ते १४ पट प्रदूषण करतं. नोव्हेंबर २०२२ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर आंदोलक थेट जेटसमोर बसले. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात २०१९ ते २०२३ या चार वर्षांत खासगी विमानांचं उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, २०२३ ला १ कोटी ५६ लाख टन, आणि जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात टोचते. पाचशे किलोमीटर म्हणजे पुण्याहून मुंबई, नाशिक, गोवा, संभाजीनगर सगळं आलं. मुंबईला एक्सप्रेसवे आहे, फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत पुण्यावरून जाते. अशा अंतराला आधी विमान लागतंय का हे विचारावं आणि इंधनाचं नंतर, कारण न उडालेलं विमान शंभर टक्के स्वच्छ. रुग्ण किंवा अवयव न्यायचे असतील तर गोष्ट वेगळी, तिथे कोणी अडवू नये. एका माणसाला सोडून रिकामं परत येणारं विमान मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आणि नियमांचं काय? भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ टक्के सॅफ असं लक्ष्य ठेवलंय. पुणे-दिल्ली चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेलं जेट, त्यात येत नाही. कोर्सिया ही जागतिक कार्बन योजना २०२७ पासून भारताला बंधनकारक होते, पण वर्षाला आंतरराष्ट्रीय उड्डाणांतून १० हजार टनांपेक्षा कमी कार्बन काढणारे ऑपरेटर त्यातून वगळलेत, आणि एक-दोन जेटवाली कंपनी त्या आकड्याच्या जवळही जात नाही. म्हणजे आज पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या जेटला सॅफ घ्यायला लावणारा नियमच नाहीये, सगळं स्वखुशीवर.

एकच जागा आहे जिथे हे कागदावर दिसायला पाहिजे. सेबी या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल बंधनकारक केलाय, आणि पुणे-पिंपरी-चाकणच्या बऱ्याच कंपन्या त्यात येतात. त्यात कंपनीच्या स्वतःच्या विमानाने जाळलेलं तेल स्कोप १ मध्ये, म्हणजे कंपनीने स्वतः काढलेल्या धुराच्या रकान्यात, येतं, ते द्यावंच लागतं. तेच विमान भाड्याने घेतलं की ते स्कोप ३ मध्ये, म्हणजे दुसऱ्यांकडून घेतलेल्या सेवांच्या धुरात, सरकतं, आणि स्कोप ३ देणं ऐच्छिक आहे. तेल तेवढंच, धूर तेवढाच, फक्त रकाना बदलला की दिसेनासा होतो. ज्यांच्याकडे यातले शेअर असतील त्यांनी पुढच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, एवढंच विचारावं की यंदा कंपनीने किती तास चार्टर घेतलं आणि त्यात किती तेल जळलं.