विजेच्या मोटारीचा हिशेब पार्किंगपासून

विजेवर चालणारी मोटार घ्यायचे ठरले की मुलुंड असो वा माहीम, विक्रेत्याला पहिला प्रश्न अनुदानाचा विचारला जातो. तो रास्तच आहे, कारण तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा या मोटारीची मूळ किंमत सहसा अधिक असते. तरीही माझ्या मते मुंबईकराने त्याआधी एक मोजमाप करावे. इमारतीच्या मीटरच्या खोलीपासून आपल्या पार्किंगच्या जागेपर्यंत किती मीटर केबल टाकावी लागेल, हे ते मोजमाप. सरकारी सवलत एकदाच मिळते, घरच्या मीटरवर चार्जिंग करण्याचा लाभ मात्र गाडी आहे तोवर मिळत राहतो आणि काही वर्षांत तो अनुदानाला मागे टाकू शकतो.

आधी सवलतींकडे पाहू. विजेच्या वाहनांना प्रोत्साहन देणारी केंद्र सरकारची ‘फेम’ योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा १०,००० कोटी रुपयांचा दुसरा टप्पा २०१९ ते मार्च २०२४ असा चालला आणि ऑक्टोबर २०२४ पासून १०,९०० कोटी रुपयांची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजना आली. यांपैकी दुसऱ्या टप्प्यात आणि ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये खासगी वापराच्या मोटारीला अनुदान ठेवलेले नाही, भर दुचाकी, तीनचाकी, बस यांसारख्या वाहनांवर आणि चार्जिंग केंद्रांवर आहे. वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकर वजावट देणारे कलम ८०-ईईबी ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच होते. त्यामुळे आज नवे कर्ज घेणाऱ्याने ही वजावट हिशेबात धरू नये.

महाराष्ट्राचे २०२५ चे धोरण अधिक उदार आहे. मार्च २०३० पर्यंतच्या या धोरणासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद असून दुचाकीला १०,००० रुपयांपर्यंत, खासगी मोटारीला दीड लाखापर्यंत आणि प्रवासी वाहतुकीच्या मोटारीला दोन लाखांपर्यंत सवलत ठरवण्यात आली. मात्र प्रत्येक प्रकारात लाभार्थी वाहनांची संख्या मर्यादित आहे. खासगी मोटारींसाठी ती राज्यभरात मिळून १०,००० इतकीच ठेवली गेली. म्हणून ही रक्कम मिळणारच असे गृहीत धरून कर्जाचे हप्ते आखणे धोक्याचे आहे.

अधिक भरवशाची बचत करांमधून होते, आणि तिची चर्चा मात्र कमी होते. विजेच्या वाहनांवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. लहान पेट्रोल मोटारींवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने ही तफावत थोडी घटली, हेही लक्षात ठेवायला हवे. राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के आणि १० ते २० लाखांच्या मोटारीवर १२ टक्के मोटार वाहन कर भरावा लागतो, तर विजेच्या वाहनांना राज्याच्या धोरणाने त्यातून सूट दिली आहे. म्हणजे नोंदणीच्या वेळीच लाखभर रुपये वाचू शकतात. शिवाय या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर पथकरमाफी मिळाली. त्या पुलावर मोटारीला एका बाजूच्या प्रवासाचे २५० रुपये पडत असल्याने शिवडीहून न्हावाशेव्याला रोज जाणाऱ्यासाठी ही रक्कम मोठी आहे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच मोटारींना माफी आहे, त्यामुळे तिथे विजेच्या मोटारीला वेगळा फायदा नाही.

आता रोजच्या खर्चाचा विचार करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) ऊर्जा असते, पण इंजिन तिचा जेमतेम पाव ते तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता होऊन निघून जाते. विजेची मोटर बॅटरीतल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांना देते, शिवाय सायन किंवा साकीनाक्याच्या कोंडीत प्रत्येक वेळी वेग कमी करताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत भरते. त्यामुळे मध्यम मोटारीला १०० किलोमीटरसाठी, चार्जिंगमधली गळती धरूनही, सुमारे १५ युनिट पुरतात. घरचा दर युनिटला १० रुपये धरला तर खर्च १५० रुपये होतो. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल मोटारीला तेवढ्याच अंतरासाठी पावणेसात लिटर, म्हणजे मुंबईच्या १०० रुपयांवरच्या दराने सुमारे ७०० रुपये लागतात.

पण मुंबईत खरी तुलना पेट्रोलशी नसून सीएनजीशी आहे. किलोला ८० रुपये आणि २२ किलोमीटरची धाव धरली तर सीएनजीवर १०० किलोमीटरचा खर्च सुमारे ३६५ रुपये येतो. सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटला २० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर पडला, तर विजेच्या मोटारीलाही सुमारे ३५५ रुपये लागतात. याचा अर्थ असा की घरी चार्जिंग करणाऱ्याचा खर्च सीएनजीच्या निम्म्याहून कमी असतो, आणि केवळ सार्वजनिक जलद चार्जरवर अवलंबून राहणाऱ्याची इंधनातली बचत जवळजवळ शून्यावर येते. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीच्या बाबतीत या दोन परिस्थितींमधला फरक २०,००० रुपयांचा आहे. आठ वर्षांत तो दीड लाखाच्या पुढे जातो, आणि राज्याच्या अनुदानाची कमाल मर्यादा तेवढीच आहे.

हा फरक का पडतो, हे समजण्यासाठी चार्जरची रचना पाहावी लागते. घरात येते ती प्रत्यावर्ती वीज, आणि बॅटरीत मात्र एकदिश वीजच साठते. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर किंवा भिंतीवरच्या चार्जरवर हे रूपांतर गाडीतलेच उपकरण करते. त्याची क्षमता मर्यादित असल्याने ३.३ किलोवॉटने ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ ते दहा तास लागतात. जलद चार्जरमध्ये रूपांतराचे अवजड यंत्र बाहेर, खांबाएवढ्या पेटीत असते आणि ते ३० किंवा ६० किलोवॉटने थेट बॅटरीत वीज भरते. ते यंत्र, मोठ्या भाराची जोडणी आणि मुंबईतल्या जागेचे भाडे या सगळ्याचा खर्च तिथल्या युनिटच्या दरात येतो. शिवाय सुमारे ८० टक्के भरल्यानंतर बॅटरीचे रक्षण करण्यासाठी वेग मुद्दाम कमी केला जातो, त्यामुळे रांग असताना शेवटच्या २० टक्क्यांसाठी अडून राहणे आपल्याला परवडत नाही आणि मागच्यालाही जाचते.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत या विषयावर पहिला आक्षेप येतो तो मंजूर भाराचा, म्हणजे इमारतीला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येते याचा. २० मोटारी एकाच वेळी ३.३ किलोवॉटने चार्ज होऊ लागल्या तर ६६ किलोवॉट लागतील आणि इमारतीचा फ्यूज उडेल, असे सेक्रेटरी सांगतात. गणित बरोबर आहे, पण त्यातले गृहीतक चुकीचे आहे. शहरात मोटार दिवसाला ४० किलोमीटर धावली तर तिला ६ युनिट लागतात, म्हणजे दोन तासांहून कमी वेळाचे चार्जिंग. अशा २० मोटारींना मिळून १२० युनिट लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ते विभागले तर सरासरी भार १५ किलोवॉटच राहतो. पाळीपाळीने वीज सोडणारी भार-व्यवस्थापनाची यंत्रणा हेच काम करते, आणि माझ्या दृष्टीने प्रत्येक सभासदाने आपापली स्वतंत्र केबल ओढण्यापेक्षा सोसायटीने अशी एक सामाईक यंत्रणा बसवणे अधिक शहाणपणाचे आहे.

जोडणीसाठी नियम आता अनुकूल आहेत. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि महानगरांत नव्या जोडणीची मुदत तीन दिवसांवर आणली आहे. दक्षिण मुंबईत बेस्टकडे, उपनगरांत प्रामुख्याने अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवरकडे आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरणकडे अर्ज करावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि या जोडणीसाठी गळती ओळखून वीज तोडणारा स्वतंत्र ब्रेकर बसवावा. एक्स्टेन्शन बोर्डवर मोटार चार्ज करणे कटाक्षाने टाळावे, कारण तासन् तास वाहणाऱ्या १५ अँपिअरच्या प्रवाहाने हलकी वायर आणि सैल प्लग तापून आग लागू शकते. आपल्याकडे तळघरात पाणी शिरणे नवीन नाही, तेव्हा चार्जर मागच्या पुराच्या खुणेच्या वर असावा. बॅटरीची पेटी बहुधा आयपी-६७ दर्जाची, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी असते, पण भिंतीवरच्या प्लगला हे संरक्षण नसते.

गिरगाव, लालबागच्या चाळींत किंवा रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांचे काय? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजच्या व्यवस्थेत स्वस्त वीज त्यालाच मिळते ज्याच्याकडे मालकीची पार्किंगची जागा आहे. दुचाकीवाल्यांना काढता येणारी बॅटरी किंवा बॅटरी-अदलाबदल केंद्रे हा मार्ग आहे. मोटारीसाठी कामाच्या ठिकाणचे चार्जिंग हा चांगला पर्याय ठरू शकतो. ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सार्वजनिक केंद्रांना सौरतासांत, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळी, वीज सरासरी पुरवठाखर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असे सुचवले आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा ऐरोलीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मोटारींना, चार्जिंगचालकाने हा फरक ग्राहकापर्यंत पोहोचवला, तर दुपारचे संथ चार्जिंग जलद चार्जरपेक्षा बरेच स्वस्त पडू शकेल.

पुनर्विकासाला निघालेल्या इमारतींना मात्र आजच संधी आहे. नव्या टॉवरांत मोटारी एकावर एक उचलून ठेवणारे यांत्रिक पार्किंग असते आणि त्या हलत्या पाटांवर चार्जिंगची सोय नंतर बसवणे फार अवघड जाते. विकासकाशी करार होतानाच प्रत्येक जागेपर्यंत रिकामे पाइप, मीटरच्या खोलीत वाढीव भाराची जागा आणि काही पाटांवर चार्जिंगची सोय लिहून घेतली तर खर्च इमारतीच्या एकूण खर्चात जाणवतही नाही. स्लॅब पडल्यानंतर तेच काम काँक्रीट फोडून करावे लागते.