नावड, लहानपणची

नावड, लहानपणची : बालवयात एखाद्या पदार्थाविषयी बसलेली आणि पुढे कधी सुटणारी, कधी जन्मभर टिकणारी नापसंती. मराठी घरांत यात पहिला मान कारल्याचा. त्यामागे शेपू, मेथी, पडवळ, दोडका, वांगे आणि दुधावरची साय. मूल सगळ्यांना एकच शब्द लावते, ‘नको’. पण या नावडी एका जातीच्या नसतात. कारल्याची नावड कडूपणाची, शेपूची वासाची, भेंडीची बुळबुळीतपणाची, सायीची ओठाला चिकटण्याची. त्यामुळे मोठेपणी त्यांची गतही सारखी होत नाही.

कडूची नावड जन्मजात असते. नवजात बाळाच्या जिभेला गोड लागले तर ते चोखू लागते, कडू लागले तर तोंड वाकडे करते. वनस्पतींतली बरीच विषे कडू असल्याने हा उपजत सावधपणा उपयोगाचाच. माणसात कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही (चव टिपणारी पेशींवरची प्रथिने) आहेत. त्यांतही माणसामाणसांत फरक असतो, हे १९३१ मध्ये योगायोगाने कळले. अमेरिकी रसायनज्ञ आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत फेनिलथायोकार्बमाइड या रसायनाची भुकटी उडाली. सहकारी ‘कडू’ म्हणून तक्रार करू लागला आणि फॉक्स यांना काहीच चव लागेना. यामागचे जनुक २००३ मध्ये सापडले. कोबी, फ्लॉवर, मोहरीचा पाला यांच्या कडवटपणाशी त्याचा संबंध आहे. म्हणजे कोबीला नाक मुरडणारे पोर दरवेळी नाटकच करते असे नाही. त्याच्या जिभेवर तो खरोखर वेगळा लागत असू शकतो.

दुसरे कारण वयाचे. साधारण दोन ते सहा वर्षांत मुलांना नव्या पदार्थाची धास्ती वाटते. कालपर्यंत सगळे खाणारे मूल अचानक वरणभातावर अडून बसते. अभ्यासांत दिसते ते असे, की तोच पदार्थ सक्ती न करता थोडा थोडा आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा समोर आला, की बरीच मुले तो स्वीकारतात. आपल्याकडे मात्र तिसऱ्या वेळेलाच ‘याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो, नाहीतर ‘भाजी संपव, मग श्रीखंड’ असा सौदा होतो. या सौद्यात मूल शिकते ते एवढेच, की भाजी ही शिक्षा आणि श्रीखंड हे बक्षीस.

‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच’ ही म्हण स्वभावावर बोलते. स्वयंपाकघरात ती खरी नाही. काचऱ्या करताना कारल्याच्या पातळ चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवतात आणि मुठीत घट्ट पिळतात. हिरवट पाणी निघते, त्याबरोबर थोडा कडूपणाही जातो. उरलेले मीठ दुसरे काम करते : सोडियममुळे कडू चव जिभेला कमी जाणवते. मग तेलात कुरकुरीत परतायचे, आमसूल आणि गूळ घालायचा. लहानपणी हेच ताटात असते, तरी ते नको असते. विशी-पंचविशीत कधीतरी तोच माणूस भाताबरोबर दुसऱ्यांदा काचऱ्या मागून घेतो. जीभ काही नवी झालेली नसते. जिभेवरच्या रसकलिकांतल्या, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशी तर लहानपणापासूनच दर दहा-पंधरा दिवसांनी बदलत असतात. बदललेला असतो तो सराव. चहा-कॉफीचा कडवटपणा तोवर अंगवळणी पडलेला असतो, आणि शिवाय आता कोणी ‘खा’ म्हणत नसते.

वासाच्या नावडीही सुटतात, पण उशिरा. शेपू खाल्ल्यावर संध्याकाळपर्यंत येणाऱ्या ढेकरांची तक्रार मोठेपणीही राहते. मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी देऊन ती आवडीने खाणारेसुद्धा ढेकर मोजतातच. स्पर्शाच्या नावडी सर्वांत चिवट. चाळिशीतला गृहस्थ चहावरची साय चमच्याने बाजूला काढतो, त्यात संकोचही मानत नाही.

शिसारी मात्र निराळी. एखादा पदार्थ खाल्ल्यावर उलट्या झाल्या, की दोष त्याचा असो वा नसो, तो मनातून उतरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर हे दाखवले : गोड पाणी प्यायल्यावर किरणोत्सर्गाने आजारी पडलेले उंदीर पुढे त्या पाण्याला तोंड लावीनात. अशी शिसारी एकाच प्रसंगातून बसते आणि वर्षानुवर्षे टिकते.

साठीनंतर उलटी वाट दिसते. चवीपेक्षा वासाची जाणीव जास्त मंदावते, काही औषधांनीही तोंडाची चव बिघडते. मग ‘पूर्वीसारखी आमटी होत नाही’ ही तक्रार सुनेच्या हाताच्या नावावर जमा होते.

एका नावडीची नोंद घरात कोणीच घेत नाही : स्वयंपाक करणारीची. तिला पडवळ आवडत नसेल, तर ते बाजारातून येतच नाही. आपल्याला पडवळ आवडते की नाही, हे त्या घरातल्या मुलांना कळते ते थेट मेसमध्ये किंवा सासरी.