जपून ठेवलेलं लुगडं का फाटतं?

आत्याची ट्रंक वर्षातून एकदा उघडते, पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आधी. तिचं घर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. तिकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि कोपऱ्यातल्या चपलांवर बुरा चढतो. यंदा ट्रंक उघडताना मी हजर होतो. तळाशी, आजोबांच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक सुती नऊवारी होतं, तांबड्या आणि काळ्या उभ्या पट्ट्यांचं, शहापूरच्या मागावरचं. आत्यानं ते दोन्ही हातांनी उचललं आणि घडी सोडली. काळ्या पट्ट्या हातातच राहिल्या. म्हणजे अक्षरशः भुगा होऊन राहिल्या. तांबड्या पट्ट्या धड होत्या आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत नुसते आडवे धागे लोंबत होते.

"लग्नात एकदा नेसले, परत अंगाला लावलं नाही की रे," आत्या म्हणाली. "मग फाटलं कसं?"

मी रसायनशास्त्र शिकवतो. अशा वेळी घरातले लोक आपल्याकडं बघतात आणि आपण "जुनं झालं" असं म्हणून सुटका करून घेतो. पण इथं तसं म्हणून भागत नव्हतं, कारण याच लुगड्याचा जोड घरात होता. एकाच मागावरून दोन आणली होती, एक आत्याला, एक तिच्या थोरल्या जावेला. जावेनं आपलं जपलं नाही. रानात नेसली, लावणीला नेसली, नदीवर दगडावर आपटून धुतलं. विरलं तेव्हा त्याचे तुकडे वाकळेत गेले. ती वाकळ अजून पलंगावर आहे, आणि तिच्यातल्या काळ्या पट्ट्या करड्या पडल्यात, पण भुगा झालेल्या नाहीत. प्रयोगशाळेतसुद्धा इतकी सरळ तुलना सहसा हाताला लागत नाही. कापड तेच, रंग तोच, गाव तेच. फरक एवढाच, की एक वापरलं आणि एक जपलं.

दोष काळ्या रंगाचा आहे. सुती कापडावर पक्का, स्वस्त काळा बसवणं पूर्वी फार अवघड होतं. जुने रंगारी हिरडा आणि लोखंड वापरायचे. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोह एकत्र आले की गर्द काळा तयार होतो. हिरडा आपल्या घाटातला, त्याची टंचाई कधीच नव्हती. पण लोहाला एक खोड आहे. हवेतला ऑक्सिजन धाग्यावर जी हळू हळू क्रिया करत असतो, तिला ते घाई करायला लावतं. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत जुन्या कापडांची एकच तक्रार ऐकू येते, बाकी रंग आहेत आणि काळा तेवढा गळून गेला. जुन्या दप्तरांतले कागद अक्षरांच्या जागीच चिरतात, त्याचंही कारण लोह-टॅनिनची शाई हेच.

मग १८९३ मध्ये रेमों व्हिदाल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं गंधकापासूनचा काळा रंग शोधला. स्वस्त, धुण्याला पक्का, उन्हाला बऱ्यापैकी टिकणारा. विसाव्या शतकात सुती काळ्या कापडाचा मोठा भाग याच रंगावर रंगला. आत्याचं लुगडं त्यातलंच. या रंगात थोडं सैल गंधक धाग्यात अडकून राहतं. दमट, उबदार हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचं हळूहळू गंधकाम्ल होतं, म्हणजे बॅटरीत असतं ते सल्फ्युरिक ॲसिड. प्रमाण अगदी नगण्य, पण कापूस म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. आम्ल असलं की पाण्याचा रेणू या साखळीच्या सांध्यात घुसतो आणि ती तोडतो. एक सांधा तुटल्यानं काही बिघडत नाही. पण हजारोंची साखळी शेकड्यांवर आली की धाग्यात ताकद उरत नाही, बोट लावलं की पीठ.

आता जावेच्या लुगड्याचं काय झालं ते सांगतो. तेच गंधक त्यातही होतं. पण जितकं आम्ल तयार व्हायचं, तितकं दर धुण्याला नदीत वाहून जायचं. दगडावरच्या आपटण्यानं धागे झिजले, हे खरं. पण आम्ल साठलं नाही. आत्याच्या ट्रंकेत मात्र ते सगळं जागच्या जागी राहिलं, वरून खानापूरचा पाऊस साठ-सत्तर वर्षं दमटपणा पुरवत होता. एरवी कापूस पाण्याला घाबरत नाही. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा उलट थोडा जास्तच ताकदीचा असतो. रेशमाचं वेगळं, ते ओलं झालं की कमजोर होतं. म्हणून सुती लुगडं आपटून धुतलेलं चालतं आणि पैठणीला कुणी आपटत नाही. आपल्या बायकांना हे रसायनशास्त्राच्या आधी ठाऊक होतं.

मी आत्याला एवढं सगळं सांगितलं नाही. "धुतलं असतंस तर टिकलं असतं," एवढंच म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही.

शहापूर म्हणजे आज बेळगावचाच भाग. एके काळी मात्र ते सांगली संस्थानात होतं आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. शहापूर, वडगाव, खासबाग, या बाजूला मागांचा खटखटाट पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या जरीच्या साड्यांची दुखणी वेगळी. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. सोन्याला काही होत नाही, पण मुलामा घासून गेला की खालची चांदी उघडी पडते आणि हवेतल्या गंधकाच्या वायूशी मिळून काळी पडते. गंधक कुठून येतं? लोकरीतून, रबरातून, गटारीतून. साडीला रबरबँड लावून ठेवणारा माणूस आपल्याच हातानं जर काळी करत असतो. घडीचंही तसंच. घडीच्या बाहेरच्या बाजूला धागा ताणला जातो, आतल्या बाजूला दाबला जातो, वर्षानुवर्षं त्याच ओळीत. कपाटात डांबरगोळ्यांसोबत पडून राहिलेली रेशमी साडी घडीवर चिरते ती यामुळं. घडी बदलत राहणं हा जुना उपाय बरोबर आहे. नळीवर गुंडाळून ठेवली तर आणखी बरं.

झीज थांबत नाही, तिची वाट फक्त बदलते. आत्याच्या गळ्यातली बोरमाळ बघा. बोरमाळेचे मणी वरून पातळ सोन्याचे आणि आत लाख. तिच्या मण्यांचे कोपरे इतके गुळगुळीत झालेत की नक्षी हातालाही लागत नाही. व्हिएन्नातल्या गेऑर्ग श्टाइनहाउझर या रसायनशास्त्रज्ञानं लग्नानंतर वर्षभर दर आठवड्याला स्वतःची अंगठी तोलली. साडेपाच ग्रॅमच्या, १८ कॅरेटच्या त्या अंगठीतून वर्षात सुमारे ६ मिलिग्रॅम वजन गेलं. हे त्यानं २००८ साली प्रसिद्ध केलं. ६ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही कण. पण अणूंच्या हिशेबात बसलो तर सेकंदाला सरासरी ४०० अब्जांहून जास्त सोन्याचे अणू तो बोटावरून सांडत होता, जेवताना, झोपेत, बायकोशी भांडताना. (शेवटचं माझ्या पदरचं.)

तो प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. आमच्याकडं भांडी घासायला भाताच्या तुसाची राख वापरत. खानापूरचा पट्टा भाताचा, तुसाला तोटा नाही, आणि तुसाच्या राखेत सर्वांत जास्त असते ती सिलिका. सोन्याचा कठीणपणा दहाच्या मापावर जेमतेम अडीच-तीन, तांब्याचा तीनच्या आसपास, आणि वाळूतल्या गारेचा, म्हणजे सिलिकेचाच, सात. म्हणजे भांडं लखलखीत करताना आपण त्याची साल काढत असतो. चकचकीत म्हणजे नुकतंच झिजलेलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा आमच्या घरच्या पितळी समयांकडं बघण्याची माझी नजर जरा बदलली. त्या काळवंडलेल्या असल्या की आता मी कुरकुर करत नाही.

झिजेचं गणित १९५३ साली आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडलं. घासताना जितका दाब जास्त आणि अंतर जास्त, तितकं द्रव्य जास्त जातं. वस्तू जितकी कठीण, तितकं कमी. जात्याला हे तंतोतंत लागू पडतं. वरच्या तळीचं वजन हा दाब, फेरे हे अंतर. दगड गुळगुळीत झाला की दाणा भरडत नाही, नुसता घसरतो. मग टाकी मारणारा बोलवायचा आणि त्यानं छिन्नीनं तळीला पुन्हा खडबडीत करायचं. प्रत्येक टाकीबरोबर जातं थोडं पातळ होतं, आणि तरीही टाकी मारल्याशिवाय ते जातं राहत नाही, नुसता गोल दगड होतो. आत्याच्या घरचं जातं आता इतकं पातळ झालंय की त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.

जात्याचा खुंटाही तेवढाच राहिला नाही. लाकूड मधोमध बारीक झालंय, जिथं तिची मूठ बसायची. आणि तिचा तळहात त्याच जागी जाड. घर्षण एकच, पण लाकडानं दिलं आणि कातडीनं घेतलं. दाब पडला की कातडीच्या तळातल्या पेशी जोरानं वाढतात आणि वरचा मेलेला थर जाड होतो, त्यालाच आपण घट्टा म्हणतो. ती पेशींची भर कुठून येते, तर भाकरीतून. लाकडाला भाकरी नाही. शिवाय सगळ्या देहाला ही सोय नाही. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की गेलं, आत्याच्या दाढा जात्यासारख्याच सपाट झाल्यात.

न वापरता मोडण्याचं सर्वांत विचित्र उदाहरण मला गोठ्यात सापडलं. माळ्यावर ठेवलेल्या पितळी कळशीला गळ्याशी उभी चीर गेली होती. कुणी पाडली नाही, आपटली नाही. ब्रिटिश फौजेचाही हाच अनुभव होता. त्या काळी हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. हिवाळ्यात धड, पावसाळ्यात चिरलेली. कारण १९२१ साली नीट उलगडलं. काडतूस ओढून घडवताना पितळेत ताण अडकून राहतो. त्यावर घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पावसाळी दमटपणा, म्हणजे ताणलेल्या जागी धातूच्या कणांमधल्या सीमा खाल्ल्या जातात आणि तडा जातो. उपायही निघाला, घडवल्यावर थोडं तापवून ताण काढून टाकायचा. आमच्या कळशीला तो कुणी काढला नव्हता, आणि खाली दोन म्हशी.

परत लुगड्याकडं येतो, कारण आत्या मला तिथून हलू देत नव्हती. तिनं त्याची गोष्ट सांगितली. ती मी आधीही दोनदा ऐकली होती. पहिल्यांदा ते आज्जीनं शहापूरच्या पेठेत जाऊन आणलं होतं. दुसऱ्यांदा आजोबांनी बैलगाडीतून आणलं होतं. या वेळी वडगावचा विणकर स्वतः दारात घेऊन आला होता. आत्या खोटं बोलत नाही, आठवणच बदलत जाते. करीम नादर या मेंदूशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर एक प्रयोग केला. एका आवाजाला उंदीर घाबरायला शिकले होते, ती आठवण पक्की झाली होती. मग तो आवाज पुन्हा ऐकवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूच्या भीतीच्या केंद्रात नवी प्रथिनं बनणं थांबवणारं औषध टोचलं. उंदीर ती भीती विसरले. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर भीती तशीच राहिली. म्हणजे आठवण बाहेर काढली की ती काही काळ मऊ होते आणि परत ठेवताना नव्यानं लिहावी लागते. माणसाच्या आठवणींचं सगळंच इतकं सरळ नाही. पण आत्यानं ज्या गोष्टीला सर्वांत जास्त हात लावला, तिचेच काठ सर्वांत जास्त बदललेत, हे मी समोर बघत होतो. ट्रंकेतलं लुगडं तिनं हलवलं नाही, आठवण रोज नेसली.

"मग आता ह्याचं काय करू?" तिनं विचारलं.

वाकळेचं शास्त्र मोठं गमतीचं आहे. विरलेलं कापड मऊ असतं, कारण खळ गेलेली असते आणि धाग्यांचे तंतू सुटे झालेले असतात. एकटं ते तीन दिवस टिकणार नाही. पण पाच-सहा थर एकावर एक ठेवले आणि जवळजवळ धावदोरा घातला, की ताण एका थरावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. फाटणं सुरू झालं तरी पुढच्या टाक्याशी अडतं. थरांमध्ये हवा अडकते, ती ऊब देते. खानापूर आणि हल्याळकडचे सिद्दी लोक अशाच कवंद्या शिवतात, त्यांचे टाके बघण्यासारखे असतात.

आत्यानं जावेची वाकळ ओढून घेतली आणि उताणी केली. एका कोपऱ्यात वरचं कापड पार विरलं होतं आणि त्यातून खालच्या थराचा निळा दिसत होता, कुणाचं लुगडं ते तिलाही आठवेना. त्या जागेवर तिनं आपल्या लुगड्याची तांबडी पट्टी धरून बघितली. रुंदी बरोबर बसली. मग पाटी घेऊन अंगणात गेली, काळ्याचा भुगा झटकून आली, आणि सुई माझ्याकडं दिली. दोरा ओवायला आता तिला दिसत नाही.