'शास्त्र' या शब्दामागचा वाद

आईच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढत होतं. आत्या म्हणाली, "थांबा, शास्त्र आहे ते." शेजारी उभ्या भाच्याने फोनवर वाचलेलं सांगितलं: कावळ्याच्या विष्ठेतून वड-पिंपळाचं बी रुजतं, म्हणजे यामागे शास्त्रीय कारण आहे. आत्याचं शास्त्र म्हणजे धर्मशास्त्र, भाच्याचं म्हणजे विज्ञान. एकाच शब्दात ही दोन्ही कशी येऊन बसली, ते समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकात जावं लागतं.

1856 साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. पण कायदा झाला म्हणून लग्नं लागत नव्हती. लोक विचारत होते, शास्त्राधार काय? बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतला श्लोक पुढे केला होता, इकडे विष्णुशास्त्री पंडितांनी तीच वाट धरली. 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर याच प्रश्नावर वादसभा भरली आणि कौल सुधारकांच्या विरुद्ध गेला. केशवपन करून घरात कोंडलेल्या मुलींचं आयुष्य एका श्लोकाच्या अन्वयावर ठरत होतं आणि त्यांची बाजू घेणारेही उत्तर त्याच श्लोकात शोधत होते, हे वाचताना आजही जीव तुटतो.

जोतीराव फुल्यांनी ही चौकटच नाकारली. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात भटजीवाचून लग्न लागलं. फुले नास्तिक नव्हते. सृष्टीच्या कर्त्याला त्यांनी 'निर्मिक' असं नवं नाव दिलं. माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये मध्यस्थ नको, एवढं त्यांचं म्हणणं होतं. अविश्वास आणि बुद्धिवाद एकच समजणाऱ्यांनी फुल्यांकडे पुन्हा एकदा नीट पाहावं.

गोपाळ गणेश आगरकर त्याहून पुढे गेले. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' सुरू केला. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची बालवधू पतीच्या बळजबरीने मरण पावली. त्यानंतर संमतिवय, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वय, दहावरून बारावर नेणारं विधेयक आलं. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. रा. गो. भांडारकरांनी संस्कृत ग्रंथ धुंडाळून विधेयकाला शास्त्राचा पाठिंबा असल्याचं दाखवलं. आगरकरांना हा शोधच अनावश्यक वाटे: शास्त्र अनुकूल असो वा नसो, जे अन्यायाचं आहे ते सोडायला हवं. कायदा 1891 मध्ये झाला. आगरकरांची मात्र हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली. दम्याने खंगलेला हा माणूस 1895 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

हे सगळं इंग्रजी शिक्षणाने आलं असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला लागतो, असं तुकोबांनी सतराव्या शतकातच विचारलं होतं, आणि ते विचारणारा विठ्ठलाच्या पायाशी बसलेला होता.

दरम्यान शब्द आपला अर्थ वाढवत होता. बाळशास्त्री जांभेकर 1840 पासून 'दिग्दर्शन' मासिकातून विज्ञान मराठीत आणत होते. या विद्येला मराठीने जुनंच नाव दिलं: रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र. सोय झाली, पण जुन्या शब्दाचा दरारा नव्या विद्येला चिकटला. आधी लोक श्लोक दाखवत, आता 'विज्ञानाने सिद्ध झालंय' म्हणतात, आणि तपासायची गरज दोन्हीकडे सारखीच टळते.

या दराऱ्यावर सर्वांत थेट घाव घातला तो डॉ. आंबेडकरांनी. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तरीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी धर्मच स्वीकारला, पण असा, ज्यात बुद्धाने स्वतःचा शब्दही पारखून घ्यायला सांगितलं होतं.

पुढचा प्रवास माहितीचा आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन नागरिकाचं कर्तव्य ठरला. 1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. जादूटोणाविरोधी कायद्याचा आग्रह धरणाऱ्या या माणसाची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला.

घाटावर त्या दिवशी शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मी तोवर उन्हात थांबलो होतो. आत्याच्या शास्त्रावर माझा विश्वास नव्हता आणि भाच्याचं मला पटलं नव्हतं. आईला तिथे एकटं सोडून निघवत नव्हतं.